खेळ हाताला काय काम देतो

या पुस्तकातले सगळे लेख एकट्याने खेळायच्या कॉम्प्युटर गेमविषयी आहेत. गेल्या काही वर्षांत हिंगणघाटच्या घरी बसून जे गेम मी मन लावून खेळलो आणि जे बंद केल्यावरही डोक्यातून गेले नाहीत, त्यांच्यावर मी लिहीत गेलो. नाटक पाहून आलेला माणूस त्यावर बोलतो, वाद घालतो, कधी लिहितोही. मराठी माणसाला ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. सिनेमाचंही तेच. गेम खेळून उठलेला माणूस मात्र गप्प राहतो. त्याने जे अनुभवलं ते घरात सांगण्याजोगं मानलं जात नाही, आणि बाहेर सांगायचं तर ऐकणाऱ्याला त्यात रस नसतो. वर्तमानपत्रात गेमचा उल्लेख येतो तो बहुधा व्यसन, फसवणूक किंवा बंदीच्या बातमीत. एवढ्या माणसांच्या आयुष्याचे एवढे तास ज्या गोष्टीत जातात, तिच्याबद्दल आपल्या भाषेत नीट बोललं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे पुस्तक.

आधी हद्द आखून घेतो. पैसे लावून खेळायचे गेम या पुस्तकात नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैशांच्या खेळांवर बंदी आणली, तेव्हा ‘आता तुझे गेम बंद’ असं मला ओळखीच्यांनी ऐकवलं. त्यांचा गैरसमज समजण्यासारखा आहे. दोन्हींना नाव एकच. पण रमीसारख्या खेळांत माणूस पैसे लावत राहतो, आणि त्यावरच चालवणाऱ्याची कमाई ठरते. सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आलेल्या पबजीसारखे, मोबाइलवर टोळी करून खेळायचे गेमही मी घेतलेले नाहीत. त्यांची मजा सोबत्यांच्या गलक्यात असते आणि त्यावर लिहायला त्या गलक्यात मुरलेला माणूस हवा. मी ज्यांच्यावर लिहिलं त्या गेमसाठी एकदा पैसे मोजले की झालं. त्यातल्या बहुतेकांना सुरुवात असते, शेवट असतो, आणि समोर दुसरा खेळाडू नसतो. खेळणारा आणि बनवणारा, दोघंच.

माझ्या पिढीने गेम पाहिले ते सायबर कॅफेत. 2000 नंतरच्या दशकात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव अशा गावांत प्लायवूडचे कप्पे करून चार-सहा कॉम्प्युटर मांडलेले असायचे आणि तासावर पैसे घेतले जायचे. रोड रॅश, व्हाइस सिटी, आयजीआय ही नावं तेव्हाच्या पोरांना पाठ होती. यातला ‘प्रोजेक्ट आयजीआय’ नॉर्वेच्या इनरलूप या कंपनीने बनवला आणि तो 2000 साली आला. त्यात मोहिमेच्या मध्ये कुठेही सेव्ह करायची सोय नव्हती. मोहीम फत्ते करा, नाहीतर पहिल्यापासून सुरू करा. विदर्भात ते दिवस भारनियमनाचे. लाइन गेली की अर्ध्या तासाची मेहनत गेली. त्यामुळे आमच्याकडची पोरं हा गेम घड्याळाकडे बघत खेळायची. लाइन जायची वेळ जवळ आली असेल तर लांबची मोहीम हातात घ्यायची नाही, कुंपणाजवळ पहारेकऱ्याची वाट बघत बसायचं नाही, थेट घुसायचं. सबुरीने, लपतछपत खेळायचा गेम आमच्याकडे घाईचा होऊन गेला.

पुढे प्रत्येक लेख लिहिताना ही आठवण उपयोगी पडली. गेम कुठेही बनलेला असो, तो जिथे बसून खेळला जातो तिथली हवा त्यात शिरते. आज घरात स्वतःचं मशीन आहे, इन्व्हर्टर आहे. आता अडचण उन्हाची. मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या वर चढतो, दुपारी ग्राफिक्स कार्डाचा पंखा कूलरच्या आवाजालाही दाबून टाकतो, आणि मोठा गेम पहाटे नाहीतर रात्रीच खेळावा लागतो. या पुस्तकातले निष्कर्ष अशा जागी, अशा वेळी बसून काढलेले आहेत. मुंबईच्या किंवा टोरांटोच्या खेळाडूला तोच गेम वेगळा वाटेल, आणि त्याने त्याचं म्हणणं जरूर लिहावं.

आता मोजमापाविषयी. गेमबद्दल माणसं बहुधा दोन प्रश्न विचारतात: गोष्ट काय आहे, आणि ग्राफिक्स कसे आहेत? दोन्ही प्रश्न सिनेमाला शोभणारे आहेत. गेमची गोष्ट लिहून काढली तर ती पुष्कळदा साधारण निघते. ग्राफिक्स तर पाच-सात वर्षांत जुने होतात. मग काही गेम वर्षानुवर्षं मनात का राहतात? मला सापडलेलं उत्तर असं की गेम आपल्या हाताला काहीतरी काम लावतो, ते काम पुन्हा पुन्हा करायला लावतो, आणि जे सांगायचं ते त्या कामातून सांगतो. म्हणून माझा पहिला प्रश्न: हा गेम हाताला काय काम देतो? आणि लगेच दुसरा: ते काम करताना मनाचं काय होतं?

हा प्रश्न मी पुस्तकांतून उचललेला नाही. वर्धा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाच्या तो अंगवळणी पडलेला असतो. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि सगळ्या विषयांची गुंफण एखाद्या हातोद्योगाभोवती, असे ठराव तिथे झाले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला; आर्यनायकम आणि आशादेवी यांनी सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघाच्या शाळेत तो राबवला. त्यालाच पुढे नयी तालीम म्हणू लागले. मुलाच्या हातात टकळी द्यायची. सूत मोजताना गणित आलं, कापूस कुठून येतो ते विचारताना भूगोल आला, धागा का तुटतो ते शोधताना विज्ञान आलं. हात काम करतो तेव्हा डोकं शिकतं, हा त्यामागचा विश्वास. त्या शाळेत न गेलेल्या आमच्यासारख्यांच्याही कानावर हे घरीदारी पडत आलं आहे.

इथे एक फरक स्पष्ट सांगायला हवा. टकळीवरच्या हातातून सूत निघतं, त्याचं कापड होतं. गेममधल्या हातातून काहीही निघत नाही. गांधीजींनी या करमणुकीला शाळेच्या जवळपास फिरकू दिलं असतं असा माझा दावा नाही. पण हाताने केलेलं पटकन विसरत नाही, ऐकलेलं विसरतं, हा जो नयी तालीमचा गाभा, तो गेमला तंतोतंत लागू पडतो. गेम चांगला असो की वाईट, तो हातालाच शिकवतो. म्हणून तो काय शिकवतो हे तपासणं निकडीचं आहे.

‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ या 2017 च्या गेमपासून सुरुवात करतो, कारण माझं म्हणणं त्यात सर्वांत लख्ख दिसतं. जायंट स्पॅरो या अमेरिकी स्टुडिओचा हा गेम. 2018 साली त्याला सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्यात लुईस नावाचा तरुण मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला आहे. एका हाताने मासा ओढायचा, पात्याखाली धरायचा, मुंडकं उडालं की पुढे सरकवायचा. पुन्हा मासा, पुन्हा पातं. दुसऱ्या हाताने त्याच वेळी लुईसच्या मनातल्या कल्पनेच्या राज्यात एक छोटी आकृती चालवायची. आधी ते राज्य पडद्याच्या कोपऱ्यात असतं. मग ते वाढत जातं, मासे झाकून टाकतं, तरी पहिला हात आपसूक ओढ, कापणी, ढकलणी करत राहतो. मन कामातून निघून गेलंय आणि हात मात्र तिथेच आहे, ही अवस्था कादंबरीकाराला पानंच्या पानं लिहून समजावता येईल. इथे ती मिनिटांत आपल्या दोन हातांत उतरते. जिनिंगमध्ये पाळी करणारा, टोलनाक्यावर पावत्या फाडणारा, दिवसभर एकाच पडद्यावर आकडे भरणारा, कुणालाही हा प्रसंग खेळायला द्या. त्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

‘पेपर्स, प्लीज’ हा ल्यूकस पोप यांनी जवळजवळ एकहाती बनवलेला गेम 2013 साली आला. एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर आपण तपासनीस आहोत. काम एवढंच: माणूस समोर येतो, कागद देतो, तारीख, शिक्का, फोटो, नाव जुळतंय का बघायचं, प्रवेश किंवा नकार, शिक्का मारायचा. पगार माणशी. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना ताकीद, पुढे दंड. संध्याकाळी घरभाडं, अन्न, शेकोटी आणि औषध यांचा हिशेब. घरात बायको, मुलगा, सासू, काका. एक दिवस एक माणूस येतो, त्याचे कागद बरोबर आहेत. जाताना तो सांगतो, मागे माझी बायको आहे, तिला जरा सांभाळून घ्या. ती येते. तिच्याकडे प्रवेश परवाना नाही. शिक्का आपल्या हातात आहे. दया दाखवावी तर आपली एक ताकीद खर्ची पडते, आणि पुढे खरोखर चूक झाली तर तो दंड आपल्या मुलाच्या औषधातून जाईल.

कचेरीच्या खिडकीबाहेर उभं राहण्याचा अनुभव आपल्याला भरपूर आहे. सातबारा, जातीचा दाखला, पीकविमा, कर्जमाफीचा अर्ज; नावात एक वेलांटी चुकली तरी परत. या गेमने मला खिडकीच्या आतल्या बाजूला बसवलं. तिथला माणूस दुष्ट असावाच लागत नाही, हे मी शिक्का मारता मारता शिकलो. माणशी मोबदला, चुकीला दंड आणि घरी आजारी पोर एवढं जुळून आलं की भला माणूसही कागदातली खोट शोधू लागतो, आणि सापडली की त्याला हायसं वाटतं. मला हायसं वाटलं. त्या क्षणाची लाज अजून ताजी आहे, आणि ही लाज देऊ शकतो म्हणूनच मी या गेमला मोठा मानतो.

इथेच एकट्याने खेळण्याचं महत्त्व कळतं. त्या बाईला परत पाठवलं हे मी आणि मशीन सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. समोर हरवायला कुणी नाही, बघायला कुणी नाही, शाबासकी नाही. अशा वेळी माणूस स्वतःशी जसा वागतो तसा वागतो. वाटलं तर गेम थांबवून आवारात फेरी मारून येता येतं, रात्रभर विचार करून सकाळी उत्तर देता येतं. घोळक्यात खेळताना हा अवसर मिळत नाही. एकट्याच्या खेळाला एकलकोंडेपणा म्हणून हिणवलं जातं. पण आपण वाचतोही एकटेच, आणि वाचनाला कुणी नावं ठेवत नाही.

‘धिस वॉर ऑफ माइन’ हा पोलंडच्या 11 बिट स्टुडिओजचा 2014 चा गेम, 1992 पासून साराजेवोला पडलेल्या वेढ्यावरून सुचलेला. युद्धाच्या गेममध्ये हातात बंदूक असते असा रिवाज; इथे हातात पडकं घर आहे आणि त्यात अडकलेली काही साधी माणसं. दिवसा फळ्या ठोकायच्या, चूल करायची, पावसाचं पाणी गाळायचं. रात्री एकाने बाहेर पडून मिळेल ते आणायचं. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. त्यांच्याकडे अन्न आहे, औषधं आहेत, आणि प्रतिकार करण्याची ताकद नाही. त्यांचं कपाट उघडता येतं. गेम अडवत नाही. पण चोरी करून परतलेला आपला माणूस खचतो, काम करेनासा होतो, इतरही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. 2020 साली पोलंड सरकारने हा गेम शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेण्याचं जाहीर केलं. एका देशाच्या सरकारला हे करावंसं वाटलं, यातच या माध्यमाची योग्यता आली.

आता शेतीकडे येतो. माझ्या दृष्टीने या पुस्तकाचा मधला, सर्वांत मोठा भाग तोच आहे. ‘स्टार्ड्यू व्हॅली’ 26 फेब्रुवारी 2016 रोजी आला. एरिक बॅरोन या एकाच माणसाने चार वर्षांहून अधिक काळ खपून त्यातलं चित्र, संगीत, गोष्ट, प्रोग्रॅमिंग सगळं केलं. 2024 अखेर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. कंपनीतल्या नोकरीला कंटाळलेला तरुण आजोबांच्या पडीक शेतावर येतो. त्याला पार्सनिप या कंदाच्या 15 बिया मिळतात. दगड काढा, नांगरा, पेरा, झारीने पाणी घाला. प्रत्येक ऋतू नेमका 28 दिवसांचा. टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात आणि ते खरं ठरतं. पाणी घालायचं राहिलं तर पीक मरत नाही, त्या दिवशी वाढत नाही इतकंच. माल संध्याकाळी पेटीत टाकला की सकाळी ठरल्या भावाने पैसे जमा.

हा गेम मला मनापासून आवडतो, आणि का आवडतो हे आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला लगेच उमजेल. शेतीतलं जे सुंदर आहे, म्हणजे सकाळची पहिली फेरी, कोंब वर आलेला दिसणं, आपल्या हाताने पिकवलेलं कुणाला तरी देणं, ते सगळं त्यात आहे. आणि जे जीव घेतं ते त्यातून काढून टाकलेलं आहे. अवकाळी नाही, सावकार नाही, पडलेला भाव नाही. कष्टाचं फळ मिळतंच, एवढं एक आश्वासन तो पाळतो. 1 जुलै 2006 रोजी पंतप्रधानांनी आत्महत्याग्रस्त म्हणून विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यांत वर्धा होता. त्या जिल्ह्यात बसून हा गेम खेळताना मला सतत जाणवतं की जगभरच्या कोट्यवधी लोकांना शेतीचं स्वप्न किती हवंसं वाटतं, आणि ज्यांच्याकडे शेत आहे त्यांना त्या स्वप्नातलं किती कमी मिळतं.

दुसरा गेम ‘फार्मिंग सिम्युलेटर’. स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरची ही मालिका 2008 पासून चालू आहे. खऱ्या कंपन्यांचे ट्रॅक्टर, खरी अवजारं. नोव्हेंबर 2018 मध्ये आलेल्या आवृत्तीत पहिल्यांदा कापूस आला, आणि हिंगणघाटच्या माणसाला तो खेळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एकोणिसाव्या शतकात या गावच्या नावाने ओळखला जाणारा कापूस देशातल्या उत्तम देशी वाणांत गणला जायचा. 1867 साली नागपूरपर्यंत रेल्वे पोचली त्यामागे कापूस हे मोठं कारण होतं. गेममध्ये मी कापूस पेरला, तो पिकला, आणि घराएवढं यंत्र शेतात घातलं. एका फेरीत पांढरं शेत रिकामं झालं आणि मागून दाबलेला भलाथोरला गठ्ठा बाहेर पडला. पाऊस असेल तर यंत्र थांबवावं लागतं. पाऊस आलाच नाही म्हणून पीक मात्र वाळत नाही. मजूरही ठेवता येतो. तो ट्रॅक्टर चालवतो.

आमच्याकडे कापूस यंत्राने निघत नाही, तो बाया वेचतात. पऱ्हाटीवरची बोंडं एकदम फुटत नाहीत. दिवाळीच्या आगेमागे पहिला वेचा होतो, मग दुसरा, तिसरा, थेट थंडी सरेपर्यंत. सकाळी दव उडेपर्यंत थांबायचं, कारण ओला कापूस खरेदीला नापास होतो. सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो. मग कमरेला ओटी बांधून तासात शिरायचं. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्या टोकदार असतात, बोटांची टोकं सोलतात. कापूस असा ओढायचा की पाकळीत तंतू अडकता कामा नये आणि वाळलेल्या पानाचा चुरा सोबत येता कामा नये. दोन्ही हात वेगवेगळ्या बोंडांवर, नजर तिसऱ्या बोंडावर. संध्याकाळी काट्यावर वजन, मजुरी किलोवर. या कामात जे कसब आहे ते ट्रॅक्टर चालवण्यापेक्षा तसूभर कमी नाही. बटणांचा खेळ म्हणून पाहिलं तरी त्यात वेग आहे, नेमकेपणा आहे, थकवा आहे, जोखीम आहे. चांगल्या गेमला लागणारं सगळं आहे. तरी इतका प्रसिद्ध शेतीचा गेम कापूस दाखवतो तेव्हा वेचणारी त्यात नसते. गेम हाताला जे काम देतो त्याला तो मान देतो. जे काम देत नाही, ते काम करणारी माणसंही त्याच्या जगातून पुसली जातात. सगळ्या पुस्तकातलं मला सर्वांत जास्त पटलेलं वाक्य कोणतं असं विचाराल, तर हे.

म्हणूनच आपल्याकडच्या माणसांनी बनवलेल्या गेमकडे मी मोठ्या आशेने बघतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ 2020 साली आला. लोकवर्गणीचा 2017 चा प्रयत्न फसल्यावरही त्या छोट्या चमूने तो पुरा केला, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. राजस्थानी वाड्यांचे सज्जे, पहाडी शैलीची रंगसंगती, छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा. डोळ्यांना इतकं आपलं वाटणारं काही मी मोठ्या गेममध्ये त्याआधी पाहिलं नव्हतं. भाऊ हरवलेली डोंबारी मुलगी भिंतींवरून धावते तेव्हा ऊर भरून येतो. माझं मोजमाप लावलं तर एक उणीव दिसते: हातात त्रिशूळ आला तरी हात जे करतो ते उड्या आणि मारामारी, म्हणजे जगभरच्या गेमनी आधीच घालून दिलेलं काम. डोळे देशात आणि हात परदेशात, अशी काहीशी स्थिती. पहिल्या पावलाकडून याहून जास्त मागू नये. पण पुढच्या पावलाकडून मागावं.

पुढचं पाऊल कसं असू शकतं ते ‘वेन्बा’त दिसतं. टोरांटोच्या विसाई गेम्सचा हा 2023 चा छोटासा गेम, पदार्पणासाठी बाफ्टा मिळवलेला. 1980 च्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब. आईकडे तिच्या आईची पाककृतींची वही, तिची पानं फाटलेली, अक्षरं पुसलेली. पहिलंच काम इडली करण्याचं. इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक अशा बसवायच्या की वाफेची वाट मोकळी राहील. चुकलं तर इडल्या कच्च्या. जिच्या घरात इडलीपात्र आहे तिला हे कोडं क्षणात सुटतं, आणि ज्या परदेशी खेळाडूने इडली पाहिलेलीही नाही तो ते हाताने शिकतो. पुढे मुलगा मोठा होतो, त्याला तमिळ धड वाचता येत नाही, आणि तीच वही आता आपल्याला त्याच्या हातांनी उघडावी लागते. मातृभाषा तुटली की स्वयंपाकसुद्धा अडतो, हे त्या पानावर कळतं. 1937 च्या वर्धा ठरावात हातोद्योग आणि मातृभाषा शेजारी शेजारी होते. या गेममध्ये ते पुन्हा भेटले.

या पुस्तकात घेतलेला एकही गेम मराठी बोलत नाही. मराठी वाचकाला तो बहुधा इंग्रजीतून खेळावा लागतो, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलाला ‘पेपर्स, प्लीज’मधले नियम वाचणं हेच पहिलं कुंपण ठरतं. म्हणून प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला मी गेमची मांडणी आणि त्यात करावं लागणारं काम सविस्तर सांगितलं आहे. इंग्रजी बेताचं असलेल्यालाही लेख वाचून गेम सुरू करता यावा, एवढी काळजी घेतली आहे. शेवट कुठेही फोडलेला नाही.

आईवडिलांसाठी दोन शब्द. वेळ वाया जातो, पोरं चिडचिडी होतात, हिंसा शिकतात, या तक्रारी मी हलक्यात घेत नाही. अभ्यास, झोप आणि मैदान यांच्या वाट्याचा वेळ गेमने खाऊ नये, हे उघड आहे. पण मोबाइल हिसकावून घेण्याआधी एकदा शेजारी बसून विचारा: आज तू गेममध्ये काय केलंस, आणि ते तसंच का केलंस? सांगण्यासारखं काही असेल तर मुलगा खुलून बोलेल. काहीच नसेल, नुसतं बटण दाबत होता असं निघालं, तर तो गेम त्याच्या लायकीचा नाही हे त्याचं त्यालाच कळेल. वाईट गेम ओळखण्याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

शेवटी एक मागणं. वर्धा जिल्ह्यातली मुलं आज पुण्याला, बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. गेम बनवण्याची साधनं घरच्या कॉम्प्युटरवर चालतात. बॅरोन एकटा होता. मला जो गेम खेळायचा आहे तो त्यांच्यापैकी कुणीतरी बनवावा. त्यात जूनमध्ये पहिला पाऊस पडतो आणि ठरवायचं असतं, आजच पेरायचं की आणखी एका पावसाची वाट बघायची. आज पेरलं आणि पावसाने ताण दिला तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च दुसऱ्यांदा. डवरणीला बैल कुणाचे आणायचे, निंदणाला बाया किती सांगायच्या, बोंडअळी दिसली तर फवारणी आज करायची की नाही. मग वेचणी, बोटांनी, बोंडामागून बोंड. आणि कापूस घरात आल्यावर सर्वांत अवघड डाव: आज पडत्या भावात विकून देणेकऱ्यांची तोंडं बंद करायची, की भाव चढेल म्हणून घरातच ठेवायचा, जिथे मुलं त्याच ढिगाशेजारी झोपतात आणि अंगाला खाज सुटते. यातला प्रत्येक निर्णय आमच्याकडची माणसं दरवर्षी घेतात. त्यांची अक्कल, त्यांचं धैर्य आणि त्यांच्यावर होणारा अन्याय दूरच्या कुणाला हाताने समजावून द्यायचा असेल, तर त्यासाठी या माध्यमाइतकं समर्थ दुसरं काही मला दिसत नाही.

तो गेम येईपर्यंत आहेत त्या गेमकडे डोळसपणे बघू या. यातले लेख कुठल्याही क्रमाने वाचा. शेतीचे दोन मात्र सलग वाचा, ते एकमेकांना उत्तर देतात. जमेल तो गेम खेळा. माझं म्हणणं पटलं नाही तर का पटलं नाही ते मराठीत, सविस्तर, लिहा. नाटकाला जाणते प्रेक्षक मिळाले म्हणून मराठी नाटक मोठं झालं. गेमलाही इथे जाणते खेळाडू मिळाले, तर बनवणारे आपोआप पुढे येतील.

हिंगणघाट, जि. वर्धा